निर्माल्याचा कलश

१

क्षितिजाचा देवावर विश्वास किती, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. घरात देव होते, कारण सासूबाईंनी सामानात बांधून दिले होते. पूजा व्हायची, कारण देव होते. पण निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, यावर मात्र ती अडून बसायची. "एवढी इंजिनिअर बाई तू, आणि वाळकी फुलं पिशवीत साठवतेस," म्हणून रणजित, तिचा नवरा, हसायचा. काही गोष्टी लहानपणीच अंगात मुरतात आणि मग त्या निघता निघत नाहीत.

आयर्लंडमध्ये लिक्सलिपला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तिची नोकरी. घर भाड्याचं, तिथून दहा मिनिटांवर. देव्हारा स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात. चार वर्षांत तीही कपाटाला प्रेस म्हणायला लागली होती. रोजची दोन फुलं, कुंडीतल्या तुळशीची पानं, परसातल्या लॉनमध्ये शोधून काढलेल्या दूर्वा, सगळं आठवडाभर कागदी पिशवीत जमायचं. पुण्यात बरं असतं. नदीकाठी महापालिका मोठाले निर्माल्य कलश ठेवते, त्यात टाकलं की आपण मोकळे. इथे लिफी नदीत पिशवी रिकामी करताना कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी तिला असं काही सुनावलं होतं, की पुढे महिनाभर ती त्या पुलावरून गेलीच नाही.

म्हणून किलव्हारन हाउसच्या बागेत पहिल्यांदा गेली, तेव्हा तो कलश बघून ती मोठ्याने हसलीच. जुन्या जमीनदारांची हवेली, आता तिकीट काढून बघायची. मागे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली बाग. वरच्या टप्प्यांवर दगडी कुंड्या, त्यांत तेरडे आणि जिरेनियम. सगळ्यात खालच्या टप्प्यावर, जिथे सहसा कुणी उतरत नाही, तिथे चौथऱ्यांवर दोन पांढरे संगमरवरी कलश. प्रत्येकी दोन-अडीच फूट उंच, पोटाभोवती कोरलेली द्राक्षांची आणि ओकच्या पानांची माळ. या दोघांतच काही लावलेलं नव्हतं.

"रेवा, हे बघ, आपला निर्माल्य कलश!" ती लेकीला म्हणाली आणि डावीकडच्या कलशात पिशवी उपडी केली. पुढच्या रविवारी तो स्वच्छ रिकामा होता. किती व्यवस्थित लोक आहेत, असं तिला वाटलं. तेव्हापासून दर रविवारचा तो नेमच झाला.

२

ऑगस्टच्या अखेरीला रेवाचं जावळ काढलं. रेवाला तिसरं वर्ष लागून बरेच महिने झाले होते. डिसेंबरात ते तिघं कायमचे पुण्याला परतणार होते, तोवर थांबावं असं क्षितिजाचं म्हणणं होतं. पण सासूबाईंनी तिकडून मुहूर्त कळवला. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं, आणि मामा नागपूरला. तेव्हा लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि लॅपटॉपसमोर रेवाला बसवलं. रणजितने ट्रिमर चालवला. रेवा रडली नाही. "इट्स टिकली," गुदगुल्या होतात, एवढंच म्हणत राहिली. मऊ, तपकिरी, टोकाला कुरळे झालेले केस क्षितिजाने ओढणीत झेलले.

ते केस खरं तर नदीत सोडायचे होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. नदीवर होड्यांची शर्यत लागलेली, दोन्ही काठ माणसांनी भरलेले. क्षितिजाच्या एका हातात निर्माल्याची पिशवी होती, दुसऱ्या हातात कणकेच्या गोळ्यात गुंडाळलेलं जावळ. तिला त्या आजोबांची आठवण झाली. दोन्ही ती किलव्हारनला घेऊन गेली आणि दोन्ही कलशात सोडलं. मनाला जरा टोचलं. पण पवित्र जागाच ती, कुणाच्या पायाखाली तर येत नाही ना, अशी समजूत घालून ती घरी आली आणि विसरून गेली.

३

गणपती होऊन गेल्यावरच्या रविवारी ती पिशवी रिकामी करत होती. रेवा बग्गीत, म्हणजे बाबागाडीत, बसून मनुका खात होती. क्षितिजाचा हात कलशाच्या काठावर होता, आणि तिची नजर सहज खाली माळेवर गेली.

द्राक्षांच्या घडाशेजारी दूर्वांची जुडी कोरलेली होती.

गवत म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्रिदळी पात्यांची ती जुडी होती, देठाशी दोऱ्याने बांधलेली. दोऱ्याची गाठ दुहेरी होती, आणि एक टोक लांब सोडलेलं. क्षितिजा दूर्वांना अशीच गाठ मारायची. गाठीवर राखाडी दगडफूल वाढलं होतं. शंभर-दीडशे वर्षांच्या पावसाशिवाय ते तसं वाढत नाही.

तिने स्वतःला समजावलं. पूर्वीचे इंग्रज लोक हिंदुस्थानात असायचे, तिथलं काय काय बघून यायचे. एखाद्याने चित्र आणलं असेल. आणि आपण कधी नीट बघितलं होतं? मे महिन्यातला एक फोटो मोबाइलमध्ये सापडला. रेवा कलशासमोर उभी होती, आणि माळेचा नेमका तेवढाच भाग तिच्या गुलाबी जाकिटामागे झाकला गेला होता.

वाफ्यांमधून नोरीन येताना दिसली. नोरीन म्हणजे इथली मुख्य माळीण, सत्तरीची, उंच, गुडघ्यांवर कायम माती. रविवारी ती क्षितिजाला हात करायची, हवेबद्दल दोन शब्द बोलायची.

"तुमचे आभार मानायचे राहूनच गेले," क्षितिजा म्हणाली. "दर आठवड्याला तुम्ही हा साफ करता."

"आम्ही?" नोरीन थांबली. "आम्ही त्याला हात लावत नाही, लव्ह. मला वाटायचं, तुझं तूच परत नेतेस."

"परत कसं नेणार? देवाला वाहिलेलं परत घेत नाहीत."

नोरीनने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "असं होय," ती म्हणाली. "फुलंच टाकतेस ना फक्त?"

"फुलंच," क्षितिजा म्हणाली. आणि मग तिला जावळ आठवलं. तोवर नोरीन वळली होती.

४

क्षितिजाचं पोटापाण्याचं कामच फरक शोधण्याचं होतं. चकतीवरच्या दोन शेजारच्या चिपचे फोटो घ्यायचे, एकावर एक ठेवायचे. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, तो दोष. दिवसभर ती तेच करायची आणि त्यात तिचा हात कुणी धरत नसे. तेव्हा तिने ठरवलं, उगाच जिवाला घोर नको. दर रविवारी एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून फोटो काढायचा. निर्माल्य टाकणं तिने त्याच दिवशी बंद केलं.

घरात दुसरीच काळजी सुरू झाली होती. जावळ काढून पाच आठवडे झाले तरी रेवाच्या डोक्यावर केस आले नव्हते. खुंटसुद्धा नाही. हात फिरवला की गुळगुळीत लागायचं आणि गार. अंग उबदार, गाल गरम, आणि डोकं मात्र फ्रिजमधून काढलेल्या वाटीसारखं. टोपी घाला, शेकवा, तेल चोळा, दहा मिनिटांत पुन्हा तसंच. रेवाला त्याचं काहीच नव्हतं. "आय'म ग्रँड," म्हणजे मी मजेत, असं ती तिच्या पाळणाघरातल्या, क्रेशमधल्या, बायकांसारखं म्हणायची आणि खेळायला पळायची.

पोर्टलीशच्या हॉस्पिटलात मुलांची डॉक्टर असलेली चित्रा, क्षितिजाची मैत्रीण, एका शनिवारी मुद्दाम येऊन गेली. "अगं, काही मुलांना वेळ लागतो. थायरॉइड बघू, आयर्न बघू. तू उगाच टेन्शन घेतेस," असं बोलत बोलत तिने रेवाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि लगेच उचलला. मग तो हात ती बराच वेळ दुसऱ्या हाताने चोळत बसली. रक्ताच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारचा फोटो क्षितिजाने आधीच्या फोटोवर ठेवला तेव्हा रणजित मागे उभा होता.

"हे काय आहे?" तिने विचारलं. ओकच्या दोन पानांच्या मध्ये, आधी जिथे सपाट दगड होता तिथे, एक वाटोळा उंचवटा होता.

"सावली," रणजित म्हणाला. "ऊन वेगळ्या बाजूने आलंय. क्षितिजा, तू जरा सुट्टी घे."

तिला ते पटावं असं फार वाटत होतं.

५

पुढच्या रविवारी उंचवट्याला कपाळ होतं. त्याच्या पुढच्या रविवारी गाल, बंद डोळे आणि वरचा ओठ जरासा पुढे आलेला. रेवाचा तसाच आहे. झोपली की तो ओठ असाच पुढे येतो.

अशा माळांमध्ये मुलांचे चेहरे कोरतात, हे क्षितिजाला माहीत होतं. वरच्या टप्प्यावरच्या कारंज्यावरही चार पंखवाली पोरं होती, गुबगुबीत, सगळी एकसारखी. हा चेहरा त्यांच्यातला नव्हता. त्यालाही दगडफूल आलं होतं, नाकाच्या बाजूने पावसाचे काळे ओघळ होते. जणू तो पहिल्यापासून तिथेच होता आणि क्षितिजाच तेवढी उशिरा आली होती.

आणि त्याला केस होते. आधी कपाळावर एक बट, टोकाला कुरळी. आठवड्याने कानांपर्यंत. दगडात इतकं बारीक काम तिने कुठे बघितलं नव्हतं, एकेक केस वेगळा. घरी रेवाच्या गुळगुळीत डोक्याला तेल लावताना तिला तेच दिसत राहायचं.

कधी नव्हे ती तिने सासूबाईंना स्वतःहून फोन लावला. सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की चुकून भलत्या ठिकाणी काही वाहिलं गेलं, तर ते परत आणता येतं का.

"निर्माल्य परत आणायचं?" सासूबाई म्हणाल्या. "काहीतरीच तुझं. ज्याचं त्याला पोचलं, विषय संपला. का गं, काय झालं?"

"काही नाही आई. सहज."

"रेवाचे केस आले का?"

"येताहेत," क्षितिजा म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

६

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी इथे सुट्टी असते. दुपारी दोनला लख्ख ऊन होतं. वरच्या टप्प्यावर हॅलोविनसाठी भोपळे कोरायचा कार्यक्रम चालला होता, मुलांचा आरडाओरडा खालपर्यंत ऐकू येत होता. रणजित पार्किंगमध्ये कुणाशी तरी पुण्याच्या फ्लॅटबद्दल फोनवर बोलत थांबला होता. क्षितिजा रेवाची बग्गी घेऊन एकटीच खाली उतरली.

चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना आता वेण्या होत्या. दोन, घट्ट, टोकाला बांधलेल्या.

क्षितिजाला घाबरायच्या आधी राग आला. तिने रेवाची वेणी अजून एकदाही घातली नव्हती. केवढे ते केस होते, त्यांच्या कधी वेण्या घालू याची ती वाट बघत होती. आणि इथे कुणीतरी रोज बसून तिच्या लेकीचे केस विंचरत होतं. असल्या गोष्टीचा मत्सर वाटावा याची तिला लाज वाटली, पण वाटला तो मत्सरच.

तिने बग्गीचा ब्रेक लावला, बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि कलशात हात घातला. आधी मनगट, मग कोपर. आत ओल नव्हती, कचरा नव्हता, एक वाळकं पान नव्हतं. दंड आत गेला. कलशाच्या काठाला तिचा गाल टेकला. बाहेरून तो जेमतेम अडीच फुटांचा होता, खाली निमुळता होत गेलेला. इतक्यात तळ लागायला हवा होता. ती टाचा उंच करून आणखी वाकली.

बोटांना केस लागले.

गरम होते. मऊ, दाट, तेल लावलेले. कुठलाही विचार न करता तिने ते मुठीत धरले आणि ओढले.

"आव!" मागून रेवा किंचाळली. "मॅमी, स्टॉप! यू'र पुलिंग माय हेअर!"

क्षितिजाने मूठ सोडली. वळून बघितलं. रेवा चार पावलांवर बग्गीत पट्ट्यांनी बांधलेली होती. टोपी खाली पडली होती. दोन्ही हात तिने आपल्या बोडक्या डोक्याशी, कानांच्या जरा वर धरले होते. वेणी जिथून सुरू होते, तिथे. डोळ्यांत पाणी होतं आणि ती आईकडे नवलाने बघत होती, कारण आईने आजवर तिला कधी दुखवलं नव्हतं.

क्षितिजाने धावत जाऊन तिला उराशी धरलं. "नाही हं बाळा, नाही ओढणार. चुकलं माझं," ती म्हणत राहिली. तिच्या हाताला खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि घरात कित्येक महिने सगळे बदामाचं तेल वापरत होते.

पायऱ्यांवर नोरीन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"ओढू नकोस त्याला कधी," ती हळूच म्हणाली. मग खिशातून रुमाल काढून तिने रेवाचं नाक पुसलं. "गुरुवारी सकाळी मी हे दोन्ही झाकणार आहे. दर हिवाळ्यात झाकावे लागतात. संगमरवर पाणी पितो, आणि गोठलं की आतून तडकतो. कारंज्यावरच्या एका पोराचा अख्खा गाल असाच गेला, एका रात्रीत."

क्षितिजाचा हात आपोआप रेवाच्या गालावर गेला.

"मी येईन," ती म्हणाली.

७

गुरुवारी तिने रजा टाकली. रणजितला सांगितलं नाही. त्याला सांगण्यासारखं वाक्य तिने दोन दिवस मनात जुळवून बघितलं होतं, ते जुळलं नव्हतं. रेवाला क्रेशमध्ये सोडून ती गावातल्या दुकानात गेली आणि लोकरीची एक पिवळी टोपी घेतली, हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांची. माप विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "तीन वर्षांच्या मुलीचं."

गवतावर पांढरं दहिवर गोठलं होतं. नोरीनने ताडपत्री, फेल्टच्या जाड लोकरी कापडाचे तुकडे आणि दोरीची गुंडी चौथऱ्याशी आणून ठेवली होती. तिने क्षितिजाच्या हातातली टोपी बघितली. आणि एक पाऊल बाजूला झाली.

चेहरा आता कलशाच्या अंगातून पुरता पुढे आला होता, टोपी मागपर्यंत बसेल इतका. क्षितिजाने दोन्ही वेण्या टोपीत घेतल्या. त्या हलल्या असं तिला वाटलं. वाटलं म्हणजे नक्की काय, याचा विचार तिने केला नाही. नाड्या हनुवटीखाली बांधल्या. फार घट्ट नको, म्हणून एक बोट आत घालून बघितलं. रेवाला घालताना ती असंच करायची. बोट आत असताना हनुवटीखालचा दगड एकदा खाली गेला आणि वर आला, गिळताना जातो तसा.

"झालं?" नोरीनने विचारलं.

"झालं."

दोघींनी मिळून फेल्ट गुंडाळलं, वर ताडपत्री ओढली. क्षितिजाने दोरीचे वेढे स्वतः घातले आणि प्रत्येक गाठ दोनदा तपासली. तिला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि ही दोन्ही एकाच वेळी कशी वाटतात हे तिला कळत नव्हतं.

खिशात फोन वाजला. क्रेशच्या ॲपवर फोटो आला होता. रेवा रंग खेळत होती, बोडक्या डोक्याने, गाल लाल. खाली तिथल्या बाईंनी लिहिलं होतं: आज रेवाने स्वतःच टोपी काढून टाकली, म्हणते खूप गरम होतंय. डोकं छान उबदार आहे.

क्षितिजा तो फोटो बघत उभी राहिली. तेवढ्यात नोरीन उजवीकडच्या कलशाकडे गेली होती. त्याच्याकडे क्षितिजाने इतक्या महिन्यांत कधी धड बघितलंच नव्हतं. नोरीनने जाकिटाच्या आतून एक जुना, विटलेला, पुरुषी मफलर काढला. सवयीच्या हातांनी तो माळेतल्या कशाभोवती तरी दोनदा गुंडाळला आणि टोकं आत खोचली. तिच्या कोपराखालून क्षितिजाला फक्त एक कान दिसला, मोठ्या माणसाचा, आणि त्याच्या मागचे नीट कापलेले केस. मग नोरीनने फेल्ट वर ओढलं.

"पहिला हिवाळा जड जातो," नोरीन म्हणाली. ती दोरी बांधत होती, तिने मागे वळून बघितलं नाही. "मार्चमध्ये पाऊस आत शिरतो, तेव्हा रोज येऊन बघावं लागतं. मी एकोणतीस वर्षं बघतेय. पण माझे गुडघे आता राहिले नाहीत. दोन्हींकडे बघणारं कुणीतरी लागेल."

वरच्या टप्प्यावर कुणीतरी पानं गोळा करत होतं, खराट्याचा आवाज येत होता. फोन पुन्हा वाजला. या वेळी रणजित होता.

"ऐक ना," तो म्हणाला, "अठरा डिसेंबरची तिकिटं मिळताहेत, तिघांची, शेजारशेजारची. बुक करतो. रेवाला खिडकी देऊ. क्षितिजा? आहेस ना?"

तिने ताडपत्रीवर तळहात ठेवला. इतक्या जाड फेल्टमधून ऊब लागत होती.

"तिकिटं नको काढूस," ती म्हणाली.